नाव न सांगितलेली विनंती

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरेच महिने वाचतेय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसायलाच येतं. बंद खोलीतली पैंजणं, वडाखालची बाई... नवऱ्याला वाचून दाखवते आणि मग आम्ही दोघं मिळून लिहिणाऱ्याला नक्की काय झालं असेल याचं निदान करतो. सवयच आहे ती, कारण मी समुपदेशक आहे. राजारामपुरीत एका मेडिकलच्या वर माझ्या दोन खोल्या आहेत. भास का होतात, मन स्वतःला कसं फसवतं, हे सतरा वर्षं मी लोकांना समजावत आलेय. त्यामुळे आज मीच हे लिहायला बसलेय याची मला जरा लाजच वाटतेय.

आणखी एक आधीच सांगते, म्हणजे नंतर कोणी टोमणा मारायला नको. मी ख्रिस्ती आहे, घरातली तिसरी पिढी. दर रविवारी चर्चमध्ये गायला उभी असते. मैत्रिणी चिडवतात, "मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठला हे चालतं, आणि भूत तेवढं चालत नाही होय गं तुला?" मी म्हणायची, नाही चालत. देव देवाच्या जागी, काम कामाच्या जागी. क्लिनिकच्या भिंतीवर क्रूस नाही, टेबलावर बायबल नाही, गळ्यातली साखळीसुद्धा ड्रेसच्या आत. कारण त्रास दोन्हीकडून असतो. हिंदू घरातल्या बाईला क्रूस दिसला की तिला वाटतं, ही आता आपल्याला बाटवणार. आणि आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी, म्हणजे पाळकसाहेबांनी, पाठवलेला माणूस खुर्चीत टेकायच्या आत म्हणतो, "ताई, आधी प्रार्थना करूया की." मी दोघांनाही एकच सांगते — इथं फक्त बोलायचं, आणि इथलं बोलणं या खोलीबाहेर जाणार नाही. तुमच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तरच मी तुम्ही भरलेल्या फॉर्मवरच्या घरच्या नंबरला फोन करेन.

फक्त एक पळवाट मी स्वतःसाठी ठेवली होती.

दर गुरुवारी दुपारी चार वाजता आमच्या बायकांची प्रार्थना असते, नागाळा पार्कात, दीनाआक्कांच्या घरी. दीनाआक्का चौऱ्याऐंशीच्या. तरुणपणी मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. माहेर गडहिंग्लजच्याही पलीकडचं, त्यामुळे बोलण्यात कानडी मिसळलेलं. आम्हा सगळ्यांना, अगदी साठीच्या बाईलाही, त्या 'तंगी' म्हणतात, म्हणजे कानडीत धाकटी बहीण. खुब्याचं हाड मोडल्यापासून सहा वर्षं त्यांनी उंबरा ओलांडलेला नाही. ऐकूही जवळजवळ येत नाही. पद्धत अशी की आधी प्रत्येकीनं आपापली विनंती सांगायची — नातवाची परीक्षा, नवऱ्याची शुगर — आणि मग डोळे मिटून एकेकीनं मोठ्यानं प्रार्थना करायची. माझ्या डोक्यात आठवडाभर ऐकलेली लोकांची दुःखं असायची, पण नावं तर सांगता येत नाहीत. मग मी नुसता हात वर करायची. "नाव न सांगता एक विनंती आहे. देवाला ठाऊक आहे." बाकीच्या खुदकन हसायच्या, "आलं बघा सीलबंद पाकीट!" मला मात्र तो तोडगा भारी शहाणपणाचा वाटायचा. गुपित गुपित राहतं आणि प्रार्थनाही होते.

गेल्या वर्षी माझ्याकडे एक मुलगी यायला लागली. तिला मीना म्हणू. नाव बदललंय, आणखी दोन-चार गोष्टीही बदलल्यात, आणि हे लिहायला तिची परवानगी घेतलीये. ती शिरोलीकडची, नवरा फौंड्रीत. सातव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं होतं. विसरायला बरं म्हणून सासूनं बाळासाठी केलेलं सगळं देऊन टाकलं. चौथ्या भेटीत मीनानं मला सांगितलं की एक पिवळं टोपडं तिनं वाचवलंय. स्वतः विणलेलं. गव्हाच्या डब्यात अगदी तळाशी ठेवलंय, नवऱ्यालासुद्धा माहीत नाही. त्या दिवशी मी नेहमीचा प्रश्न विचारला — जीव नकोसा वाटतो का? स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का? ती हसली.

"न्हाय ओ मॅडम, तसलं काय न्हाय."

मी फायलीत तसं लिहिलं. टोपड्याचं लिहिलं नाही. ते कागदावर उतरवायला हातच धजला नाही. घरी माझ्या नवऱ्यालाही बोलले नाही.

दुसऱ्याच दिवशी गुरुवार होता. मी हात वर केला, "नाव न सांगता." नेहमीसारखं हसणं झालं आणि डोळे मिटले. दीनाआक्कांची पाळी शेवटी येते. त्यांची प्रार्थना आम्हाला पाठ आहे. आजाऱ्यांना बरं कर, प्रवाशांना सांभाळ, आमेन. त्या दिवशी प्रवाशांपर्यंत आल्या आणि थांबल्या. मग म्हणाल्या, "आणि बापा, त्या पोरीचं टोपडं. पिवळं. गव्हात पुरून ठेवलंया तिनं. तू बघतोस न्हवं?"

मी डोळे उघडले तर बाकी सगळ्यांचे मिटलेले होते. दीनाआक्कांचे उघडे होते. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत होत्या, आणि ओठ हलत होते.

आमेन झाल्यावर मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, "आक्का, ते टोपड्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कसलं टोपडं ग तंगी? मी आपली तुझ्या पाकिटासाठी मागितलं." आणि सुनेला चहा ठेवायला सांगितला. बाकीच्यांनी ते म्हातारपणाचं बोलणं म्हणून सोडून दिलं.

तो आठवडा मी स्वतःचीच तपासणी करण्यात घालवला. मी कुठं बोलले का? झोपेत बडबडले का? बडबडले असते तरी ज्या बाईला शेजारी बसलेलीचं ऐकू येत नाही तिला ते कसं कळणार? मीनाच्या घरचं कोणी चर्चच्या ओळखीत आहे का? कोणी नाही. शेवटी ठरवलं की योगायोग. बायका डब्यात वस्तू लपवतातच, म्हातारीच्या डोक्यात जुनी आठवण वर आली असेल. बुधवारी मीना आली नाही. नणंद आलीये, पुढच्या बुधवारी येते, असा निरोप आला. मी 'बरं' म्हटलं. ते 'बरं' मला अजून टोचतं.

गुरुवारी जायचं मनात नव्हतं. पण नाही गेले तर आपण घाबरलो असं होईल, म्हणून गेले. विनंत्या झाल्या. मी हात मांडीवर घट्ट धरून ठेवले, वर केला नाही. कोणीतरी म्हणालंसुद्धा, "आज पाकीट न्हाय होय?" मी 'नाही' म्हटलं.

दीनाआक्कांची पाळी आली. या वेळी त्यांनी सुरुवातच तिथून केली.

"बापा, पोरीनं टोपडं डब्यातनं काढलंया. पदराच्या गाठीत बांधलंया. आतनं कडी घातलीया तिनं." मग त्यांचा सुरकुतलेला हात माझ्या गुडघ्यावर येऊन पडला. "हिला सांग बापा. ही नुसती बसून ऱ्हायलीया."

मी उठले. कशी उठले आठवत नाही. सगळ्या डोळे मिटून बसल्या होत्या. मी दाराबाहेर आले, पर्समधून मोबाईल काढला आणि मीनाला लावला. रिंग पूर्ण वाजून बंद झाली. तेव्हा चार एक्केचाळीस झाले होते, फोनमध्ये नोंद आहे.

आता पुढचं मला नीट सांगायचंय, कारण या अनुभवातला माझा भाग तोच आहे. मी लगेच दुसरा फोन केला नाही. फॉर्मवर खालच्याच मजल्यावर राहणाऱ्या तिच्या जावेचा नंबर होता. पण मी तिला काय सांगणार होते? मीना माझ्याकडे येते हे तिच्या घरी फक्त नवऱ्याला आणि जावेला माहीत होतं. सासूला कळलं तर 'वेड्यांच्या डॉक्टरकडं जाते' म्हणून पोरीचं जगणं मुश्कील झालं असतं. नणंद पाहुणी आलेली. आणि कारण काय तर एका चौऱ्याऐंशीच्या म्हातारीनं प्रार्थनेत काहीतरी म्हटलं! ट्रेनिंगला आलेल्या एखाद्या मुलीनं असं केलं असतं तर मीच तिला झाडलं असतं. चपला समोर होत्या. पाय घातले की निघायचं, असं म्हणत मी तशीच उभी राहिले. मला मीनाच्या जिवाची भीती वाटत होती, आणि तितकीच, खोटं कशाला बोलू, आपण हास्यास्पद ठरू याची.

चार अठ्ठेचाळीसला मी जावेला फोन लावला. सात मिनिटं गेली होती.

"मगाशी तर वर गेलतो की मी मॅडम, चांगली बोलली," जाऊ म्हणाली. "का ओ? काय झालं?"

"काही विचारू नका. आत्ता जा. फोन चालू ठेवा."

जिना चढल्याचा आवाज ऐकू आला. मग दार ठोठावल्याचा. मग तिनं मारलेल्या हाका, आणि मग, "अगं आई गं, आतनं कडी हाय... आवो, या की कोण तरी!"

तिनं काय केलं होतं ते इथं लिहीत नाही, लिहायची गरज नाही. शेजाऱ्यांनी दार तोडलं. सरकारी दवाखान्यात दोन दिवस काही सांगता येत नव्हतं, तिसऱ्या दिवशी ती शुद्धीवर आली. पदराच्या गाठीत पिवळं टोपडं होतं. नर्सनं ते माझ्या हातात दिलं तेव्हा मी तिथल्या बाकावर बसून रडले.

मीनाच्या नवऱ्यानं माझे पाय धरायचे बाकी ठेवले. "मॅडम, पर तुम्हास्नी कळलं कसं?"

मी म्हणाले, तिच्या बोलण्यावरून शंका आली होती. फायलीतही तेच लिहिलं. सतरा वर्षांत फायलीत खोटं लिहिलेलं ते एकदाच.

इथपर्यंत असतं तर मी हे कुणाला सांगितलं नसतं. पण महिन्याभरानं मीना परत यायला लागली. एक दिवस तिनं मधेच विचारलं, "मॅडम, तंगी म्हंजे काय ओ?"

माझ्या हातातलं पेन खाली पडलं. मी विचारलं, कुठं ऐकलंस?

"त्या दिवशी. कडी घातल्यावर. दाराच्या भायेर एक म्हातारी बोलत हुती. मला वाटलं नणंदंसंगं कोण आलंया. म्हणत हुती, जरा दम धर ग तंगी. ती दारात उभी हाय. चपला पुढ्यात हायत, पाय घालंना झालीया. पर करंल ती फोन." मीना माझ्याकडे बघत होती. "लई भ्यालो मी. सारखी तेच म्हणत हुती ओ. ती अजून उभीच हाय बघ, अजून उभीच हाय."

जावेला मी नंतर विचारलं. जिन्यात कोणी नव्हतं. घरात म्हातारं माणूसच नाही, सासू पन्नाशीची आहे. मग दीनाआक्कांच्या सुनेला विचारलं, मी बाहेर गेल्यावर काय झालं होतं? ती म्हणाली, "आक्का एकदम गप्पच झाल्या. पाच-सात मिनिटं. आम्हाला वाटलं डोळा लागला. मग आपण होऊनच आमेन म्हणाल्या." त्यांची खुर्ची दाराकडे पाठ करून असते. बाहेरच्या चपला तिथून दिसतच नाहीत.

माझे सीनिअर, मानसोपचारतज्ज्ञ, सगळं ऐकून म्हणाले की तिची लक्षणं तुझ्या मनानं टिपली होती, म्हातारीच्या मोघम शब्दांना तूच अर्थ दिलास, आणि मीनाची त्या वेळची आठवण भरवशाची नाही. पाळकसाहेब म्हणाले, हे पवित्र आत्म्याचं दान आहे, आभार मान. दोघंही शहाणी माणसं आहेत. मी दोघांनाही विचारलं, मग 'तंगी' कुठून आलं? सीनिअरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. पाळकसाहेबांनी प्रार्थना करूया म्हटलं.

मीना आता बरी आहे. हे लिहू का विचारलं तर म्हणाली, "लिवा की. कुणाला तरी ठावं आसंल काय हुतं ते." कुणाला ठाऊक असेल तर खरंच सांगा. देव सगळं बघतो, हे आम्हाला चर्चच्या रविवारच्या शाळेत पहिल्याच वर्षी शिकवतात. लहानपणी ते ऐकून किती बरं वाटायचं. आता मला त्याची भीती वाटते. ती सात मिनिटं मी एकटी नव्हते, आणि मीनालाही कोणीतरी सांगत होतं की मी अजून हललेली नाही.

गुरुवारी मी अजून जाते. न जायची हिंमत नाही. हात वर करत नाही, आणि पाकिटावरून आता कोणी चिडवतही नाही. चपला तेवढ्या दाराबाहेर काढत नाही, खुर्चीखाली ठेवते. बायका बघतात. दीनाआक्कांची पाळी आली की मी पाय चपलांत घालून बसते.