रिकाम्या पाठीचा सरदार

कमलची दोन पत्रं कोटाच्या खिशात होती आणि दोन्हींना मी उत्तर दिलं नव्हतं. धाकटी बहीण सातारा सोडून थेट यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात मास्तरीण म्हणून जाते, हे मला मुळीच पटलं नव्हतं. ‘दादा, संत्र्यांच्या तोडणीला ये, बागा बघून तुझा राग जाईल,’ असं तिनं दोन्हीदा लिहिलं होतं. शेवटी दसऱ्याच्या सुट्टीत आईनं चिवड्याचा डबा आणि एक हिरवं पातळ गाठोड्यात बांधून माझ्या हातात ठेवलं, आणि मी कुरकुरत निघालो.

दोन दिवसांनी पांढरकवड्याला एस.टी.तून उतरलो तर परतीचा पाऊस नुसता कोसळत होता. हमरस्त्यावर ट्रक अडकून पडले होते. एका गॅरेजपुढे गावातले लोक फुटाण्यांची पोती आणि रॉकेलचे डबे ट्रकमध्ये चढवत होते. गॅरेजवाल्या बशीरभाईंना मी कमलच्या गावाचा रस्ता विचारला, तसा त्यांच्या हातातला पाना थांबला.

“तिकडं तर नदी चढून हाय, भाऊ. चार दिवस झाले, तिथून कोणी आलं नाई. आम्ही हे सामान तिथंच नेऊन राह्यलो. तुमचं कोन हाय तिथं?”

“बहीण.”

“मंग उभे काहून? बसा ट्रकमंदी!”

चार दिवस! आणि मी नागपूरच्या स्टेशनवर चहा पाणचट आहे म्हणून भांडत बसलो होतो.

वाटेत कमलनं पत्रात लिहिलेल्या बागा दिसल्या. तोडणी अर्ध्यावर थांबलेली, शिड्या झाडांना तशाच टेकलेल्या, आणि पिवळसर संत्री चिखलात पडलेली. मला त्यांच्याकडे बघवेना. पुढे एका तांड्याशी (बंजाऱ्यांच्या वस्तीशी) ट्रक रुतला तो रुतलाच. संत्री तोडणारी माणसं याच तांड्यातली. आता त्यांच्या बायका संत्र्यांच्या टोपल्यांत गवत अंथरून गरम भाकरी भरत होत्या. एका म्हातारीनं माझ्या हातावर भाकरी आणि मिरचीचा ठेचा ठेवला. मी ती तशीच गाठोड्यावर ठेवली. “खाय बेटा, नदीत ताकद लागते,” म्हणून ती समोर उभीच राहिली, तेव्हा कशीबशी खाल्ली.

त्या काळ्या चिखलातून बैलगाडीही जाण्यासारखी नव्हती. तांड्याचे प्रमुख हिरामण नाईक साठीपुढचे, डोक्याला लाल फेटा. त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. नाईकांनी माळ्यावरच्या जुन्या गोणी (बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या पिशव्या) काढल्या आणि ट्रकमधलं सामान भरून पाच बैल लादले. सहावा बैल पांढराशुभ्र होता, कपाळावर कवड्यांची पट्टी आणि गळ्यात घंटा. त्याचं नाव सरदार. त्याची पाठ रिकामीच होती.

मी आपलं आईचं गाठोडं त्याच्या पाठीवर टाकलं. आजूबाजूच्या बायकांनी हातातल्या भाकरी खाली ठेवल्या. नाईकांनी ते उतरवून माझ्या हातात दिलं.

“याच्या पाठीवर वझं ठेवत नाई, भाऊ. हा देवाले सोडलेला हाय.”

“अहो, पलीकडे माणसं उपाशी आहेत आणि तुम्ही धडधाकट बैल रिकामा नेता?” माझा आवाज चढला.

“वझ्याच्या बैलाचं ध्यान वझ्यात राहते. याले वाट शोधाची हाय,” ते शांतपणे म्हणाले. मी मनातल्या मनात त्यांना नाही नाही ते बोललो आणि गाठोडं डोक्यावर घेतलं.

नदी दुथडी भरली होती. गढूळ पाण्यातून अख्खी झाडं वाहत होती. नाईकांनी सरदारला पुढे घातलं आणि त्याची दोरी सैल सोडली. नेहमीच्या उताराच्या दहा-बारा पावलं अलीकडेच तो थबकला. खुरानं पाण्यातली जमीन चाचपली, फुरफुरला, आणि सरळ वरच्या अंगाला वळला. चुकला, मेलो आता, असं वाटलं. मी शहाणपणानं नेहमीच्या उतारानं एक पाऊल टाकलं आणि गळ्यापर्यंत आत गेलो! तिथली जमीनच पुरानं खरवडून नेली होती. मागून येणाऱ्या बशीरभाईंनी माझी कॉलर धरून मला ओढलं. गाठोडं मात्र गेलं. दोन बैल मध्येच घसरले, पण सावरून पाचही सरदारच्या मागून कमरेइतक्या पाण्यातून पार झाले.

गाव उंचावरच्या शाळेत गोळा झालं होतं. कमल एका कोपऱ्यात घोंगडीवर पडली होती, तापानं फणफणलेली. तीन दिवस ती लोकांना भिजत भिजत शाळेत आणत होती, असं कळलं. तिनं डोळे उघडले.

“दादा? तू खरंच आलास?”

“आलो गं,” म्हणालो आणि ढसाढसा रडलो. लोक बघत होते, बघोत.

तिला दवाखान्यात न्यायलाच हवं होतं, आणि तिला तर उभंही राहवत नव्हतं. येताना लादलेल्या बैलांपैकी दोन पाण्यात घसरले होते. कोणाच्या पाठीवर तिला बसवायचं? घोंगडीत घालून तिला नदीकाठी आणल्यावर मी हे विचारायच्या आत नाईकांनी आपला लाल फेटा सोडला आणि घडी करून सरदारच्या पाठीवर घातला.

“पण नाईक, याच्या पाठीवर तर…”

“वझं नाई ठेवत म्हटलं होतं,” ते पहिल्यांदाच माझ्यावर खेकसले. “बाई का वझं हाय? उचला!”

त्यांनी सरदारच्या खुरांना हात लावून आपल्या कपाळाला लावला. बशीरभाईंनी आणि मी कमलला वर बसवलं, दोन्ही बाजूंनी धरलं. सरदार एकदाही थांबला नाही.

पंधरवडा दवाखान्यात काढून कमल उठली, माझ्याबरोबर साताऱ्याला आली आणि दिवाळी झाल्यावर पुन्हा त्याच शाळेत गेली. आईनं डोळे पुसत दुसरं पातळ बांधून दिलं. मी तिची ट्रंक स्टेशनपर्यंत वाहिली. महिनाभरानं तिचं पत्र आलं: तोडणी पुरी झाली, नाईकांनी तुझ्यासाठी संत्र्यांची करंडी पाठवली आहे, सरदार मजेत आहे, त्याच्या पाठीवर त्यानंतर कुणीच बसलेलं नाही.

मी त्याच दिवशी उत्तर टाकलं.