दुसऱ्या पंगतीची माणसं

आमच्या प्रार्थनामंदिराच्या पश्चिमेकडच्या भिंतीतली भेग गवंड्याच्या मापाने दोन सूत, म्हणजे पाव इंच होती. ती तीन सूत झाली की आत बसणं बंद करायचं, असं मी ठरवलं होतं. दर रविवारी उपासनेआधी मी पट्टी लावून ती मोजायचो आणि शेजारी पेन्सिलीने खूण करायचो. २०१८ चा पावसाळा सरल्यावर डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात जमीन हलायला लागली होती. कधी आठवड्यातून एकदा, कधी एका दिवसात तीनदा. पहिल्या हादऱ्याला आम्हाला वाटलं, कुठेतरी खाणीत सुरुंग लावलाय. नंतर मात्र भांडं वाजलं तरी आम्ही घराबाहेर पळायचो. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी प्रार्थना कमी केली आणि मोजमाप जास्त केलं. देव आहे की नाही अशी शंका नव्हती. त्याचं आमच्याकडे लक्ष आहे का, ही शंका होती.

मी एका गोदामात स्टोअरकीपर आहे, त्यामुळे आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या प्रीतिभोजनाची व्यवस्थाही माझ्याकडेच होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर सगळे एकत्र जेवतात. मंदिरात दोन रांगांत बत्तीस पत्रावळ्या मावतात, म्हणून मी दोन पंगती ठरवल्या होत्या. साडेबाराला पहिली पंगत आत. उशिरा येणाऱ्यांची दुसरी पंगत नंतर, बाहेर अंगणात. यात भेदभाव काहीच नाही, नुसता आकड्यांचा प्रश्न आहे, असं मी सांगायचो आणि मला ते खरंही वाटायचं. पण पहिल्या पंगतीला बसणारे ते बत्तीस जण दर वेळी तेच असायचे: रस्त्यालगत राहणारे, नोकरीवाले, मोटारसायकलवरून येणारे. डोंगराकडच्या पाड्यावरची पंचवीस माणसं सात किलोमीटर चालत यायची. बायका आधी पाणी भरायच्या, चूल उरकायच्या, मग निघायच्या. ती पोचायची उपासना संपता संपता. त्यांच्या वाट्याला तळाचा भात आणि पाणी घालून वाढवलेलं वरण यायचं. आम्हीही वारलीच. फरक एवढाच की आमच्या घरी आजोबांपासून शाळा आणि नोकरी आली होती.

पाड्यावरच्या बारकीबाईंची जीभ फार धारदार. एकदा मी त्यांच्या पत्रावळीवर वरण वाढत असताना त्या शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "दादा, सरगातही पंगती दोनच हायेत का? आमी चालत येणार, तवा आमचं नाव दुसरीतच लिवून ठेवा." सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो आणि पुढच्या पत्रावळीकडे वळलो.

जानेवारीत आमच्या पाळकांनी उपदेशात पहिल्या विश्वासणाऱ्यांची गोष्ट काढली. त्या काळी गुलाम आणि मालक एकाच पाण्यात बाप्तिस्मा घ्यायचे आणि एकमेकांना भाऊ म्हणायचे. पण करिंथ शहरातल्या मंडळीत जेवणाच्या वेळी घोटाळा झाला. खाऊनपिऊन सुखी असलेले लवकर येऊन आधी जेवून घ्यायचे आणि कामावरून उशिरा येणारे मजूर उपाशी राहायचे. प्रेषित पौलाने त्यांना कडक शब्दांत कळवलं की हे प्रभूचं भोजन नव्हे. जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. पाळक माझ्याकडे बघत नव्हते, तरी मला प्रत्येक शब्द माझ्याच नावाने आल्यासारखा वाटला. उपासनेनंतर मी त्यांना गाठून म्हणालो की आत सत्तावन माणसं मावत नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "मग अंगणातल्या आंब्याखाली बसू. तिथे किती मावतात, ते तुम्हीच मोजा, भाऊ." मी मोजलं. सत्तर मावत होती. पुढच्या महिन्यापासून सगळ्यांची एकच पंगत, असा निरोप मी पाड्यावर पाठवला.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मी भेग मोजली. दोन सूत. उपासना आत झाली, आंब्याखाली सतरंज्या पडल्या, भाताचं पातेलं उतरलं. पाड्यावरचे आले नव्हते. साडेबारा झाले. पाऊण वाजला. लहान मुलं कुरकुरायला लागली आणि मोठी माणसं माझ्याकडे बघायला लागली, जणू मीच सगळ्यांना उपाशी ठेवलं होतं. माझ्या आईचं वय तेव्हा चौऱ्याहत्तर. तिला मधुमेह आहे. सकाळी गोळी घेतल्यावर वेळेवर जेवण पोटात गेलं नाही तर तिला घाम फुटतो आणि हात थरथरतात. पाळकांनी मला सांगितलं की आईंना वाढा, आजाऱ्यासाठी नियम नसतो. ते बरोबरच होतं. पण मी ते ज्या मनाने केलं ते बरोबर नव्हतं. मी रागाने पत्रावळ भरली, आईचा दंड धरला आणि तिला मंदिरात तिच्या नेहमीच्या बाकावर, पश्चिमेच्या भिंतीला टेकवून बसवलं.

ती म्हणाली, "माणसं येतायत ना, थोडं थांबू या की."

मी म्हणालो, "ती कधी वेळेवर आलीत? तू जेवून घे."

पत्रावळ तिच्या मांडीवर ठेवून मी बाहेर आलो. आंब्यापर्यंत पोचलो असेन नसेन, तोच पायाखालून ट्रक गेल्यासारखा आवाज आला आणि जमीन हलली. चार-पाच सेकंदच असतील. कौलं एकावर एक घसरली. पश्चिमेची भिंत मधोमध फुटून आतल्या बाजूला कोसळली. तिच्यावर टेकलेली आढ्याची तुळई दारासमोर येऊन पडली आणि सगळं धुळीत बुडालं.

मी ओरडलो की नाही, आठवत नाही. अंगणातली माणसं मोजली, एवढं आठवतं. एकतीस. बत्तिसावं कुठे आहे ते मला माहीत होतं, तरी मी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. पुन्हा एकतीस. मग मी दाराकडे धावलो आणि कौलं हातांनी उपसू लागलो. दोघा-तिघांनी मला धरून ठेवलं, कारण वरचे वासे अजून लोंबकळत होते. माझी बायको जमिनीवर बसून हाका मारत होती. आतून आवाज येत नव्हता. त्या क्षणी मला देवाशी बोलायला एक वाक्यही सुचलं नाही. मनात फक्त एवढंच होतं: मीच बसवलं, तिथेच बसवलं.

तेवढ्यात इमारतीच्या मागून बारकीबाईंची हाक आली. "आयस हाये! हिकडं, खिडकीत हाये!"

पाड्यावरून येणारी पायवाट पूर्वेच्या बाजूने, मंदिरामागून येते. मी तिथे पोचलो तेव्हा पाड्यावरची माणसं आधीच कामाला लागली होती. पूर्वेच्या खिडकीत गजांमागे आईचा चेहरा होता, धुळीने पांढरा झालेला. त्या खिडकीची चौकट मातीत बांधलेल्या विटांमध्ये बसवलेली. कमरेचे कोयते काढून चौघांनी चौकटीभोवतीची माती खरवडली, दोघांनी वरचा वासा खांद्यावर तोलून धरला आणि गजांसकट चौकट उपसून बाजूला टाकली. कोणी कोणाला सूचना देत नव्हतं. घरं उभारताना आणि उतरवताना त्यांनी हे शेकडो वेळा केलं असेल. मी गोदामात आकडे लिहिणारा माणूस, नुसता हात पसरून उभा होतो. त्यांनी आईला बाहेर काढून माझ्या हातात दिलं. सात-आठ मिनिटांनी दुसरा हादरा आला आणि पूर्वेकडचं छप्परही खाली बसलं.

आईच्या कपाळावर एक खोक होती, खांद्याला मुका मार होता. बाकी काही नाही. तिचे हात थरथरत होते. बारकीबाईंनी डोक्यावरची टोपली उतरवली. नागलीच्या भाकरी होत्या त्यात. आज सगळ्यांची एकच पंगत आहे हे कळल्यावर रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून पाड्यावरच्या बायकांनी पहाटेपासून सत्तावन माणसांच्या भाकरी थापल्या होत्या. म्हणूनच उशीर झाला होता. बारकीबाईंनी भाकरीचा तुकडा मोडून गुळाच्या खड्याबरोबर आईच्या तोंडात घातला.

बाकावरून उठून तू खिडकीपाशी कशी गेलीस, असं मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, "घास गिळेना रे. म्हटलं, बघावं तरी किती लांब आहेत." पत्रावळ बाकावर ठेवून ती भिंतीचा आधार घेत पलीकडे गेली होती. दुसऱ्या दिवशी विटा उपसल्या तेव्हा बाकाचे दोन तुकडे झालेले दिसले.

त्या महिन्यांत आमच्या भागात पुष्कळांच्या घरांचं नुकसान झालं. त्यांची श्रद्धा आमच्यापेक्षा कमी होती असं मी म्हणू शकत नाही, म्हणणारही नाही. मी फक्त घडलं तसं सांगतो. भेग मी सकाळीच मोजली होती आणि माझ्या मापाने भिंत सुरक्षित होती. ज्यांच्यासाठी थांबायला मी तयार नव्हतो, त्यांच्यासाठी आई थांबली आणि तिला पहिल्यांदा पाहिलं ते त्यांनीच. प्रभूने त्या दिवशी आमच्यावर कृपा केली. मला वाटतं, ती त्या सात किलोमीटरच्या वाटेने चालत आली.

जखमेवर पट्टी बांधून झाली तेव्हा दोन वाजले होते. पाळकांनी प्रार्थना केली आणि आम्ही आंब्याखाली बसलो. मी सवयीने पातेल्याकडे वळलो तर बारकीबाई म्हणाल्या, "दादा, बसा आता. भात थंड झालाय, आणखी काय व्हायचं हाये त्याचं?" मी त्यांच्या आणि आईच्या मधे बसलो. भात खरंच थंड होता, वरणावर साय धरली होती, आणि भाकरी सगळ्यांना पुरल्या. गेल्या अकरा वर्षांत कुठल्या भोजनाला किती पत्रावळ्या लागल्या, ते मी वहीत बघून सांगू शकतो. त्या दिवशीचा आकडा मात्र माझ्याकडे नाही.