तीन गाठी ऑइलच्या

गॅरेजमधल्या किश्श्यांचं नट-बोल्टसारखं असतं. गाडी खोलून परत जोडली की दोन-चार उरतातच. का उरले हे कुणी विचारत नाही, डब्यात टाकून देतात. माझा डबा बराच भरलाय.

नव्वदच्या दशकात मी नेरूळला, सारसोळे गावाच्या तोंडाशी एका गॅरेजात वायरमन होतो. गॅरेज दामूशेटचं, हा साताऱ्याकडचा. इंजिनचं काम हरीभाऊ कोळ्याकडे. तो सारसोळ्याचाच, घर गॅरेजच्या मागे, दारात जाळी वाळत घातलेली. आणि वायरिंग माझ्याकडे. चौथे प्रधानसाहेब. ते आले गिऱ्हाईक म्हणून आणि पुढे रोज येऊन आमच्यातच बसायला लागले. खाली सांगतोय ते सगळं त्यांच्या एका गाडीचं. हसू आलं तर हसा, मला आता येत नाही.

*

प्रधानसाहेब सरकारी नोकरीतून रिटायर होऊन दादरहून नेरूळच्या फ्लॅटमध्ये आले ते बायको आणि गाडी घेऊन. गाडी विलायती, माझ्यापेक्षा वयाने मोठी, मऊ हिरव्या रंगाची. सोसायटीत उभी राहिली आणि खाडीकडच्या उंदरांनी तिची वायरिंग खाल्ली.

टेम्पोला दोर बांधून ती आमच्याकडे आली. साहेब आत स्टिअरिंग धरून ताठ बसलेले, आणि वळण आलं की खिडकीतून हात बाहेर काढून इशारा द्यायचे. मागे एक सायकलवाला होता फक्त.

दामूशेट म्हणाला, "सायेब, वढून आणलेल्या गाडीला कशाला इशारा?"

"अहो, गाडी बंद पडलीय, मी नाही," साहेब म्हणाले. मग त्यांनी खिशातून सोसायटीचं पत्र काढलं. चालू स्थितीत नसलेली वाहने भंगार समजून महिनाअखेरीस आवारातून हटवली जातील. साहेबांनी 'भंगार' या शब्दाखाली पेनाने रेघ मारली होती. त्यांना गाडी स्वतःच्या पायांवर सोसायटीत परत न्यायची होती, कमिटीच्या डोळ्यांदेखत. बाकी काही मागणं नव्हतं.

*

जुनी वायरिंग काढली तर दोन बादल्या भरल्या. तीस वर्षांत जो जो वायरमन आला त्याने आधीचं न काढता आपलं जोडलं होतं. एक वायर डॅशबोर्डमागून निघून पूर्ण गाडीभर फिरून परत डॅशबोर्डमागेच येत होती. फ्यूजच्या जागी पत्र्याचा तुकडा होता. मी आधीच्या वायरमनना मनसोक्त शिव्या घातल्या.

साहेब शांतपणे म्हणाले, "त्यांनीही त्यांच्या आधीच्यांना अशाच घातल्या होत्या. मी तेव्हाही असाच शेजारी बसलो होतो."

*

वायर आणायला दामूशेट स्वतः गेला आणि एकच भलंमोठं भेंडोळं घेऊन आला. सगळी लाल.

मी म्हटलं, "शेट, रंग वेगळे लागतात. नाहीतर कुठली वायर कुठे जाते ते कळणार कसं?"

"करंट काय रंग बघून धावतोय व्हय?"

तोड काढली हरीभाऊने. घरातून जाळं विणायचा निळा नायलॉनचा धागा आणला आणि डॅशबोर्डच्या प्रत्येक वायरीच्या टोकाला बांधून गाठी मारल्या. एक गाठ हॉर्नची, दोन बॅटरीच्या दिव्याच्या, तीन ऑइलच्या दिव्याच्या, असं पुढे. "रंग उडतं," तो म्हणाला, "गाठ उडं नाय. आमी काळोखात पन बोटानं वळखतो, कोनाचं जालं ता."

साहेबांना हे भारी आवडलं. दुसऱ्या दिवशी ते पाठ करून आले. डोळे मिटून वायर हातात घ्यायचे, गाठी मोजायचे आणि सांगायचे, "तीन. ऑइल. बरोबर?"

हरीभाऊ म्हणायचा, "सायेब, तुमी आमच्यातलंच!"

*

पंधरा दिवस खपून मी जाळं विणल्यासारखी वायरिंग घातली. एका सकाळी येऊन बघतो तर सगळे धागे कापलेले. दामूशेट हातात कात्री घेऊन उभा, चेहऱ्यावर समाधान.

"आज बाईसाहेब येनार हायत बघायला. काय ते दोरं गुंडाळलेलं! गाडी हाय का वडाचं झाड?"

त्या दिवशी बाईंनी गाडी बघितली आणि म्हणाल्या, "किती नीटनेटकं काम आहे." दामूशेटने नम्रपणे मान झुकवली. मला आजही त्या मानेचा राग येतो.

एकेक वायर पुन्हा शोधत, पुन्हा गाठी मारत माझे आठ दिवस गेले. त्यानंतर मात्र हाताला सवयच लागली. कुठलीही वायर जोडली की धागा आणि गाठी, न बघता.

*

वायरिंग संपली आणि डॅशबोर्डवर दिवाळी सुरू झाली. इंडिकेटर दिला की हाय बीमचा निळा दिवा लुकलुकायचा. हेडलाइट लावले की पेट्रोलचा काटा वर चढायचा.

साहेब म्हणाले, "पेट्रोल भरायचा हा मार्ग मला आयुष्यभर सुचला नाही."

तीन दिवस मी डॅशबोर्डखाली उताणा पडून होतो. वायर एकही चुकली नव्हती. दोष अर्थिंगचा होता. दामूशेटने चकचकीत दिसावं म्हणून बोल्टच्या जागेवरही रंग फासला होता, त्यामुळे पत्र्याला वायर टेकतच नव्हती. हरीभाऊने खवले काढायच्या सुरीने रंग खरवडला आणि सगळे दिवे शहाण्यासारखे वागायला लागले.

एक सोडून. ऑइलचा लाल दिवा इंजिन सुरू केल्यावरही विझेना.

*

मी वायर तपासली, स्विच बदलला. दिवा जळतच राहिला. साहेब अजून यायचे होते. शेवटी हरीभाऊने इंजिनला कान लावला. "दिवा खरा बोलतंय. बेरिंगं खाल्लीत. ऑइलला जोर नाय. इंजिन खोलाय पायजे, म्हयना तरी लागंल."

सोसायटीची मुदत रविवारी संपत होती आणि तो शुक्रवार होता.

हरीभाऊ जेवायला घरी गेला तेव्हा दामूशेटने मला बाजूला घेतलं. आमच्या गॅरेजात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात फक्त डॅशबोर्डचे छोटे बल्ब होते. चांगले, चालू बल्ब. दामूशेटची पद्धतच होती ती. "दिवा इझला की तक्रार इझली. काढ बलप."

मी म्हटलं, "साहेबांना कळेल. किल्ली फिरवल्यावर तो दिवा लागायला हवा आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. तीस वर्षं बघतायत ते."

"मग तसा लाव की. वायरमन हायस ना?"

मी ऑइलच्या दिव्याची वायर काढली आणि त्याला बॅटरीच्या दिव्यावरून नवीन वायर दिली. बॅटरीचा दिवाही किल्लीबरोबर लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. आता दोन्ही एकदम लागणार, एकदम विझणार. मी केलेलं ते सगळ्यात सफाईदार काम होतं. स्वतःला मी सांगितलं की रविवारपुरतं आहे, मग साहेबांना खरं सांगून इंजिन खोलू.

संध्याकाळी साहेबांनी किल्ली फिरवली. दोन्ही लाल दिवे लागले. इंजिन सुरू झालं, दोन्ही विझले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. हरीभाऊने दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यानंतर तो माझ्याबरोबर चहाला कधी आला नाही.

*

रविवारी गाडी सोसायटीच्या गेटातून स्वतः आत गेली. कमिटी उभी होती. सेक्रेटरी म्हणाले, "प्रधान, हॉर्न पण वाजतो का?" साहेबांनी वाजवला. गॅलऱ्यांमधून पोरांनी टाळ्या वाजवल्या.

सोमवारी मी खरं सांगणार होतो. सोमवारी ते पेढे घेऊन आले, म्हणून मंगळवारी सांगायचं ठरवलं. असे पाच आठवडे गेले.

सहाव्या आठवड्यात साहेब बाईंना घेऊन पनवेलच्या पुढे फिरायला निघाले. करंजाड्याच्या अलीकडे इंजिन जाम झालं, कायमचं. भर उन्हात दोघं पनवेलपर्यंत चालत आली. टेम्पोने ओढून आणलेली गाडी सोसायटीने आत घेतली नाही. पंधरवड्यात ती भंगारात गेली.

*

त्यानंतर साहेब एकदाच गॅरेजात आले. दामूशेट बाहेर गेला होता, हरीभाऊ घरी होता. मी एकटाच.

"लोक म्हणतात वायरमनला जाब विचारा," ते म्हणाले. "मी म्हटलं, नाही. शेवटपर्यंत माझी नजर दिव्यावर होती. दिवा लागला नाही, तर वायरमन काय करणार?"

मी चहा सांगतो म्हणालो. ते नको म्हणाले.

"भंगारवाल्याने डॅशबोर्ड खोलला तेव्हा ऑइलचा दिवा तेवढा मागून घेतला. आठवण म्हणून."

त्यांनी खिशातून तो काढून माझ्या टेबलावर ठेवला. लाल काच, मागे वीतभर लाल वायर, वायरीच्या टोकाला निळा धागा. त्यांनी डोळे मिटले आणि धाग्यावरून बोट फिरवलं.

"एक," ते म्हणाले. "दोन."

बोट थोडा वेळ पुढे चाचपत राहिलं. मग त्यांनी डोळे उघडले, चष्मा नीट केला आणि दिवा तिथेच ठेवून उठले.

"हरीभाऊंना नमस्कार सांगा," म्हणाले, आणि चालत निघून गेले.