डावखुऱ्या गवंड्याची थापी

मानोल मास्तर तीस वर्षं परांचीवर उभे राहिले आणि गुडघे कुरकुरू लागले तेव्हा प्लोव्दिव शहरातल्या बांधकाम शाळेत गवंडीकाम शिकवू लागले. बोलणं मोजकं. पोराची भिंत ओळंब्यात असली की ‘चालेल’, नसली की ‘पाड’. तिसरा शब्द वर्गात त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता.

त्या वसंतात ते आपली सात पोरं घेऊन हिसारिया गावी गेले, रोमन तटबंदी आणि संग्रहालय पाहायला. ही परवानगी मिळायला दोन वर्षं गेली होती. विटा रचणाऱ्यांना संग्रहालय कशाला, असं मुख्याध्यापकांचं म्हणणं. “त्यांच्याच धंद्यातल्या माणसांचं काम आहे ते,” मास्तर म्हणाले होते.

तटापाशी पोरं खुलली. दगडाचे थर, मधूनमधून विटांचे पट्टे, चुन्यात विटकरीचा चुरा. एकानं दोन दगडांमधल्या दरजेत नख खुपसून पाहिलं, ते शिरेना. संग्रहालयात मात्र नाणी आणि सम्राटांच्या सनावळ्या ऐकून जांभया सुरू झाल्या. माहिती सांगणारी तरुण बाई मास्तरांना हळूच म्हणाली, “एवढं पुरे ना यांना?” मास्तरांचे कान तापले.

राइना, वर्गातली एकुलती एक मुलगी, कोपऱ्यातल्या कपाटापाशी अडकली होती. आत गंजलेली थापी. राइना डावखुरी, पहिल्या वर्षी पोरं तिला ‘उलटी’ म्हणून चिडवत. तिनं बाईंना विचारलं, ही कुणाची होती ते कळलंय का? बाईंनी कपाटावरची चिठ्ठी वाचून दाखवली: लोखंडी थापी, उत्तरेच्या बुरुजाखाली सापडली. बस.

“तो डावखुरा होता,” राइना म्हणाली.

बाई हसल्या. “कशावरून?”

राइनानं पिशवीतून आपली थापी काढून काचेशी धरली. शेजारी वर्गातल्या उजव्या हाताच्या दिम्चोची धरली. दिम्चोची एका कडेनं झिजलेली, तिची दुसऱ्या. आतली हुबेहूब तिच्यासारखी.

बाईंचं हसू मावळलं. त्या जाऊन संग्रहालयाच्या म्हाताऱ्या प्रमुखांना घेऊन आल्या. त्यांनी चष्मा पुसला, तिन्ही थाप्या आलटून पालटून पाहिल्या, वही उघडली आणि विचारलं, “पूर्ण नाव सांग, पोरी.”

मास्तर मागे उभे होते. त्यांनी अख्ख्या इमारती पुऱ्या करून दिल्या होत्या, पण ऊर असा कधी भरून आला नव्हता. राइना वळली तेव्हा ते एवढंच म्हणाले, “चालेल.”

घरी त्यांनी बायकोला, स्तोयनाला, सगळं सांगितलं. जेवताना तीनदा. ती म्हणाली, “मला काय सांगतोस? तिला सांगितलंस का? दगड आहेस नुसता.”

दुसऱ्या दिवशी पोरं चुना कालवत होती. मास्तरांनी टोपी काढली. “चाळीस वर्षं थाप्या हाताळतोय मी. त्या कपाटापुढून गेलो, मला दिसलं नाही. हिला दिसलं. ही माझी विद्यार्थिनी आहे, हे मी सगळ्यांना सांगणार आहे.”

फावडी थांबली. राइना कानापर्यंत लाल झाली.

“मास्तर,” ती म्हणाली, “चुना वाळतोय.”