काकूने न विचारलेला प्रश्न

खामगावात माझं मेडिकलचं दुकान आहे. करणी, बाहेरची बाधा असलं काही घेऊन कुणी काउंटरवर आलं की मी त्याला सरळ डॉक्टरकडे पिटाळतो. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण गेल्या वर्षी अमडापूरला, आमच्या गावी, जे झालं, ते मी अगदी जवळून पाहिलंय.

माझे काका दिल्लीत सरकारी नोकरीत होते. गावाला एवढंच ठाऊक. प्रत्यक्षात त्यांचं काम होतं परदेशी हेरांवर नजर ठेवायचं. आपला देश कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं आपण म्हणतो – पण त्या काळात व्यापारी, तज्ज्ञ, पत्रकार बनून कोण कोण यायचं आणि आपल्याच ऑफिसातल्या एखाद्या कारकुनाला पार्ट्या देऊन त्याच्याकडून कागद काढून घ्यायचं. असे फुटलेले लोक हुडकण्यात काकांची हयात गेली. आम्हाला हे कळलं ते काका गेल्यावर, नागपूरहून आलेल्या त्यांच्या जुन्या सहकाऱ्याकडून. काकूला मात्र आधीपासून माहीत होतं, कारण तिच्या माहेरचाच माणूस त्यात गेला होता.

सुधाकर, तिचा धाकटा भाऊ. काकांनीच त्याला दिल्लीत टायपिस्ट म्हणून चिकटवलं होतं. एक दिवस साध्या कपड्यातली माणसं आली, चौकशी आहे म्हणाली आणि त्याला घेऊन गेली. परदेशी दूतावासाला कागद पुरवल्याचा संशय. सुधाकर परत आला नाही, त्याचं प्रेतही मिळालं नाही. त्याचं नाव वर कुणी कळवलं, हे काकू नवऱ्याला जन्मभर विचारत राहिली. काका म्हणायचे, मले माहीत नाही, आणि जेवणावरून उठायचे. मला या माणसाचा राग यायचा. खरं सांगतो, अजूनही येतो.

काकांना मूलबाळ नाही, म्हणून दहाव्याचा पिंड मीच ठेवला. नागपूरच्या त्या सहकाऱ्याने सकाळीच काकूला शब्द दिला होता – विधी आटोपू द्या, सुधाकरचं जे मला माहीत आहे ते सगळं सांगतो, आता कुणासाठी लपवायचं? काकू नदीवर हट्टाने आली ती त्यासाठीच.

कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते. पिंडाकडे एकही फिरकेना. मग नेहमीप्रमाणे नातेवाईक एकेक करून हात जोडू लागले. काकूला अंतर देणार नाही, वावर विकणार नाही, देवळाचं राहिलेलं काम करू... मीही काहीबाही कबूल केलं. ऊन चढलं, लोक चुळबुळ करायला लागले. शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले.

तेव्हा काकू उठली. पदर सावरून पिंडासमोर उभी राहिली.

"सुधाकरचं मी आता कोनालेच इचारनार नाही," ती पिंडाकडे पाहत काकांना म्हणाली. "या सायबायलेबी नाही. निंगा तुमी."

तिचं बोलणं संपलं आणि एक कावळा थेट पिंडावर उतरला. ती तिथून हललीही नव्हती. पाठोपाठ बाकीचे आले आणि बघता बघता पत्रावळ साफ झाली.

ते नागपूरचे गृहस्थ गाडीपाशी बराच वेळ थांबून होते. काकूने त्यांना लांबूनच नमस्कार केला आणि ते निघून गेले.

परत येताना मी काकूवर चिडलो. म्हटलं, तो माणूस सांगायला तयार होता, जन्मभर वाट पाहिलीस आणि एका पाखरासाठी सोडून दिलंस?

"इचारून काय करू बापा?" ती शांतपणे म्हणाली. "तुया काकायनं काही केलंच नसतं, तर मी इचारलं काय अन् नाही काय, त्यायचा जीव त्याच्यात कायले अडकला असता? समजलं मले."



कावळे भुकेले होते, योगायोग झाला, असं मी दुकानात सगळ्यांना सांगतो. मग काकू जवळ उभी असताना कशी आली ती पाखरं, आणि त्याआधी आमच्यापैकी कुणाच्याच बोलण्यावर का नाही आली? यंदा पितृपक्षात काकूने काकांच्या नावाचा स्वयंपाक केला, सगळ्यांना पोटभर वाढलं. कावळ्याचा घास तेवढा तिने ठेवला नाही.