बाईसाहेबांची वाटी

कुत्री तीन पायांवर उभी राहून किंचाळत होती आणि आमचा शेजारी तिच्याहून मोठ्याने. दिवाणावरून उडी मारताना तिच्या मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी सरकली होती. पाय मुरगळला समजून त्याने गरम तेल चोळलं, तशी ती त्याला चावली.

"मावशी, इले काही झालं तर मी जगत नाही."

"पहिले ऑटो आण गा. मंग मर," मी म्हटलं.

हा माणूस दूधवाल्याला, बायकोला, देवालाही दटावूनच बोलतो. या म्हाताऱ्या पामेरियनला मात्र 'बाईसाहेब' म्हणतो आणि तिचं दूध फुंकून थंड करतो. मला असले लाड आवडत नाहीत, पण बघायला मजा येते.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, पण या वयात भूल सोसेल याची खात्री नाही. मग तो झाडूवाल्या बाईलाही विचारत सुटला, "सोसन का वं तिले?"

ऑपरेशन झालं. आता उड्या बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. घरी येताच त्याने करवतीने दिवाणाचे चारही पाय कापले.

"काहून कापले गा?"

"बाईसाहेब ऐकतात का कोणाचं?"

त्याची बायको खाली टेकलेल्या दिवाणावर अडकून बसली होती. "अन् माह्या गुडघ्यांचं काय?"

"ओरडू नको. हात दे," म्हणत त्याने तिला ओढून उठवलं. इतक्या वर्षांत त्याने बायकोचा हात धरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. ती लाजली आणि हसत सुटली.

कुत्री वाचली. चारही पायांवर चालते.