आधी सांगस, मंग हात लावा

"आधी सांगस, मंग हात लावा. कंबरले पिस्तूल शे. लायसनी शे."

एवढं बोलून आबा दोन्ही हात वर करायचे आणि एसटीच्या पायरीवर तसेच उभे राहायचे. मागचे उतारू खोळंबले तरी हलायचं नाव नाही.

तेव्हा मी सोनगीरजवळच्या नाक्यावर पोलीस शिपाई होतो. दारूबंदी नवी नवी होती आणि शिरपूरच्या वर, हद्दीपलीकडे दारू मोकळी. त्यामुळे आग्रा रोडवरून येणाऱ्या प्रत्येकाची कंबर चाचपायची, ही आमची नोकरी. कुणी पोटाला सायकलची ट्यूब बांधून आणी, कुणी धोतरात बाटली. आबांचा कोट उजव्या बाजूला चांगला फुगलेला होता. सापडला गडी, असं म्हणत मी हात पुढे केला आणि हे वाक्य कानावर आलं.

खोटं कशाला बोलू, मीही हात वर केले. माझे बघून कंडक्टरनं केले. मग उतारूंना वाटलं, सरकारी हुकूम असेल. एका म्हातारीनं तर कोंबडीसकट हात वर केले. सगळी एसटी हात वर करून बसलेली आणि कुणी कुणाला धरलंय तेच कळेना. शेवटी आबाच म्हणाले, "भाऊ, तुम्ही कशाले? लायसन मन्हा खिसामा शे. काढा."

आबा धुळ्याच्या एका कापूस व्यापाऱ्याकडे कामाला होते. हंगामात शेठची रोकड घेऊन खेडोपाडी जायचं, म्हणून हे पिस्तूल आणि त्याचं लायसन. अंगानं इतके किरकोळ की वाऱ्यानं उडू नयेत म्हणून ते वजन बांधलंय, असं आम्ही म्हणायचो. कधी उडवलं का, असं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं.

"उडवाले नही शे भाऊ, सांगाले शे."

आणि सांगायचे तरी किती. अंगावर पितळी बटणं दिसली की यांचे हात वर. पोस्टमनला सांगून झालं, जंगलखात्याच्या गार्डाला सांगून झालं. एका लग्नात तर बँडवाल्यालाच सांगितलं. तो बिचारा क्लॅरिनेट फुंकत होता, त्याचा सूर मध्येच किंचाळला आणि बंद पडला. नवरदेव घोड्यावर, वरात रस्त्यात, आणि बँडवाले मांडवामागं दडून बसलेले. आबांच्या पत्नी अक्का कपाळाला हात लावून म्हणाल्या, "या माणूसले कोठे लई जावानी सोय नही."

आम्हाला मात्र आबा म्हणजे नाक्यावरची करमणूक होती. त्यांची गाडी आली की मी लांबूनच ओरडायचो, "आबा, काय शे कंबरले?" आणि ते तितक्याच गंभीरपणे सगळं पहिल्यापासून सांगायचे.

मग धुळ्याचं शेतकी प्रदर्शन आलं. मुंबईहून मोठे पाहुणे येणार होते, म्हणून आम्ही बंदोबस्ताला. आबा शेठच्या मागं, पहिल्या रांगेत. मी ते बघितलं आणि गर्दीतून तिकडं सरकायला लागलो. पाहुण्यांच्या पुढं डीएसपी साहेब चालत आले, छातीवर ही बटणांची रांग. आबांचे हात वर गेले. माइक शेजारीच होता.

"आधी सांगस…" सगळ्या मैदानानं ऐकलं.

पिस्तूल हा शब्द आला मात्र, जी पळापळ सुटली. कुणी मांडवाच्या दोरीत पाय अडकवला आणि अख्खा मांडव पाहुण्यांवर बसला. कापडाखाली कोण मंत्री नि कोण पाटील, काही समजेना. बक्षिसाचा बैल तेवढा शांत उभा होता. आमचे चार गडी आबांवर पडले. फौजदारांनी पिस्तूल घेतलं, लायसन घेतलं. शेठनं तिथंच सांगून टाकलं, "लायसन गेलं तर उद्यापासून येऊ नका." आबांच्या हातात दुसरं काम नव्हतं, आणि त्या वयात कोण देणार होतं? मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना साहेबांच्या बंगल्यावर घेऊन जायला मलाच पाठवलं. साहेब भडकलेलेच होते. "हे ओरडायचं कुणी शिकवलं तुम्हाला?"

आबांनी डोक्यावरची काळी टोपी काढली आणि पुढं धरली. दोन भोकं, एक या अंगाला, एक त्या अंगाला. काळ्या दोऱ्यानं रफू केलेली.

स्वातंत्र्याच्या आसपासच्या धामधुमीत एका नव्या शिपायानं त्यांना हटकलं होतं. लायसन दाखवायला आबांनी न बोलता कोटात हात घातला. पोरानं पिस्तुलाची मूठ बघितली आणि बंदूक झाडली. गोळी टोपीतून गेली.

"मला काही झालं नाही साहेब," आबा ठेवणीतलं मराठी बोलत होते. "पण तो पोरगा खाली बसून रडायला लागला. हात नुसते थरथरत होते. मीच त्याला पाणी पाजलं. चूक माझी. मी आधी सांगायला पाहिजे होतं."

"कोण शिपाई?"

"ते नाही सांगणार. बायकापोरांचा माणूस आहे तो. घरीसुद्धा मी टोपी खिळ्याला अडकली म्हणूनच सांगितलं. अक्का म्हणाली, दोन्हीकडून?"

साहेबांनी मिशीआड हसू दाबायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं, हे मी शेजारून बघितलं. पिस्तूल परत मिळालं, लायसन परत मिळालं. अट एकच. इथून पुढं हळू सांगायचं.

झालं. आबा अट पाळायला लागले. पायरीवरून उतरायचे, हात वर करून अगदी अंगाला अंग लावायचे आणि कानात कुजबुजायचे, "कंबरले पिस्तूल शे." एका नव्या शिपायाला तर घामच फुटला. ओरडणं परवडलं, असं आमचं सगळ्यांचं मत पडलं. पण टोपीची गोष्ट कळल्यापासून मी त्यांच्याकडं कान करून नीट उभा राहायचो. हा माणूस मला जपत होता. माझ्या घरच्यांशिवाय तेवढं कुणी केलं नव्हतं.

पुढं एका हंगामात त्यांची नेहमीची गाडी आली. मी सवयीनं ओरडणारच होतो, आबा, काय शे…

पायरीवर अक्का उभ्या होत्या, एकट्या. माझं तोंड उघडलेलं त्यांनी बघितलं आणि दोन्ही हात वर केले.

"भाऊ, आधी सांगस, मंग विचारा," त्या म्हणाल्या. "तुमना आबा गयात."

मागचे उतारू खोळंबले होते. त्यांनी आधी सांगितलं होतं, तरी माझे हात थरथरले.